सोबत सुटते, वाट सुटू नये

चळवळीत माणसे येतात आणि जातात. संसारात तरी वेगळे काय घडते? ज्यांच्या खांद्यावर हात टाकून आपण शाळेत गेलो ते पोटामागे दुसऱ्या गावाला जातात. ज्यांच्या जिवावर वस्तीत जयंती उभी राहिली ते एक दिवस फ्लॅटमध्ये राहायला जातात. कोणी पक्ष बदलतो, कोणी नोकरीच्या धाकाने गप्प बसतो, कोणी अंथरुणाला खिळतो आणि कोणी कायमचा जातो. पाऊस आणि ऊन जसे कोणाला विचारून येत नाहीत, तसे आयुष्याचे हे ऋतूही विचारून येत नाहीत. हे सर्वांनाच कळते. तरीही सोबती दुरावला की आमच्या समाजाची वागण्याची तऱ्हा ठरलेली असते. माणूस मेला असेल तर त्याच्या फोटोला हार घालायचा, आणि जिवंतपणी दूर गेला असेल तर त्याला 'गद्दार' ही पदवी द्यायची. या दोहोंच्या मध्ये आमच्याकडे तिसरी जागाच उरलेली नाही.

आमच्या मते हा फार मोठा तोटा आहे, आणि तो केवळ भावनेचा नाही. वीस वर्षे वस्तीसाठी राबलेला कार्यकर्ता एका निवडणुकीत दुसऱ्या गटाच्या व्यासपीठावर दिसला की त्याची वीस वर्षे आम्ही एका रात्रीत पुसून टाकतो. त्याने काढलेला वाचनालयाचा ठराव, त्याने मिळवून दिलेले जातीचे दाखले, पोलीस चौकीत त्याने काढलेल्या रात्री, हे सारे कोणाच्याच खात्यावर राहत नाही. मग नव्या पोराला वाटते की आपल्या आधी येथे काही घडलेच नाही, आणि तो पुन्हा एकपासून मोजायला लागतो. चळवळ दर दहा वर्षांनी बालवाडीत का जाऊन बसते, याचे एक उत्तर येथे आहे.

दुसरीकडे चांगल्या ऋतूतल्या गर्दीचे आम्हाला भारी कौतुक! चौदा एप्रिलला मिरवणुकीत पाय ठेवायला जागा नसते. तीच वस्ती अतिक्रमणात निघते, तेव्हा बुलडोझरसमोर उभ्या राहणाऱ्या बायाबापड्या हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. मिरवणुकीचे फोटो जपून ठेवले जातात. त्या दुपारी कोण कोण उभे होते याची यादी मात्र कोणी करत नाही. उगवत्याला नमस्कार करण्याची रीत आम्ही ज्यांच्याकडून घेतली, त्यांनी आम्हाला हजारो वर्षे मावळतीलाच ठेवले होते, एवढे तरी आम्ही ध्यानात ठेवायला हवे होते.

सोडून गेलेल्यांकडे पहिले पाऊल

या बाबतीत तथागतांचे आचरण काय होते ते पाहू. सिद्धार्थ गौतमाने कठोर तपश्चर्या केली, तेव्हा त्यांच्यासोबत पाच परिव्राजक होते. देह झिजवून सत्य हाती लागत नाही हे पटल्यावर गौतमाने तो मार्ग सोडला आणि सुजाताने दिलेले अन्न स्वीकारले. त्याबरोबर हे पाचही जण त्यांना सोडून निघून गेले. गौतम वाट चुकला, सुखाला लागला, असे त्यांनी ठरवून टाकले. म्हणजे आजच्या आमच्या भाषेत सांगायचे तर गौतमच त्यांच्या लेखी गद्दार ठरले होते! ज्या काळात माणसाला सोबतीची सर्वांत जास्त गरज असते, त्या काळात ते एकटे पडले.

पुढे त्यांना बोधी प्राप्त झाली. आता धम्म प्रथम कोणाला सांगावा, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा ते सारनाथला त्याच पाच जणांकडे गेले. ते येताना दिसल्यावर त्या पाचांनी आपसात ठरवले होते की यांना उठून मान द्यायचा नाही. प्रत्यक्ष ते जवळ आल्यावर त्यांचा तो निश्चय टिकला नाही. धम्मचक्र प्रवर्तन झाले ते या पाच श्रोत्यांसमोर. विचार करा, जगातील एका महान धम्माचे पहिले श्रोते हे सोडून गेलेले सोबती होते. तथागतांनी त्यांच्याजवळ जुना हिशेब मागितला नाही. त्यांनी त्यांच्या मताशी तडजोडही केली नाही. देहदंडाचा मार्ग चुकीचा आहे हे त्यांनी त्यांना तोंडावर सांगितले. विचार सोडायचा नाही आणि माणूसही टाकायचा नाही, हा सारनाथचा धडा आहे.

सोबती मृत्यूने जातात, तेव्हाचे उदाहरणही तिपिटकात आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे तथागतांचे दोन प्रमुख शिष्य त्यांच्या आधीच निर्वाण पावले. त्यानंतर भिक्खूंच्या सभेकडे पाहून, हे दोघे नसल्याने सभा रिकामी वाटते, अशा अर्थाचे शब्द तथागतांनी काढल्याची नोंद आहे. आम्हाला ही नोंद फार मोलाची वाटते. दुःख झाले तरी ते बोलायचे नाही, यालाच काही लोक अनित्यवाद समजतात. तथागतांनी रिकामी जागा रिकामी आहे असे म्हटले, आणि लगेच भिक्खूंना स्वतःच स्वतःचे आधार होण्याचा उपदेश केला.

बाबासाहेबांचे ऋतू

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनाकडे आम्ही बहुधा विजयांची मालिका म्हणून पाहतो. तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की वेगळेच चित्र दिसते.

माणगावची परिषद मार्च १९२० मध्ये झाली. छत्रपती शाहू महाराजांनी तेथे बाबासाहेबांना साऱ्या समाजासमोर आपला नेता म्हणून पुढे केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, महाराज गेले. बाबासाहेब तेव्हा शिक्षणासाठी परदेशात होते. ज्या राजाने पाठीवर हात ठेवला, तो राजा बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले तेव्हा नव्हता.

जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला. त्याच्या आधीही मुले गेली होती. त्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. चार मुले मातीआड केलेल्या बापाची ती व्यथा आहे. जगण्यात आता राम उरला नाही, असे वाटणाऱ्या माणसाचे ते पत्र आहे. आणि त्याच माणसाने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मधले अंतर आठ महिन्यांचे! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, अमरावतीच्या परिषदेच्या दिवसांत, थोरले बंधू बाळाराम वारले. पुढच्याच महिन्यात, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृती जाळली गेली. २७ मे १९३५ रोजी माता रमाईंनी राजगृहात अखेरचा श्वास घेतला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. हे अंतर पाच महिन्यांचेही नाही.

म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात ज्या तारखा आपण सोनेरी अक्षरांत छापतो, त्यांच्या मागच्याच पानावर घरातला मृत्यू आहे. बाबासाहेब दुःखावर मात करून उभे राहिले असे आम्ही सहज बोलून जातो. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. त्यांनी दुःख बाजूला टाकले नाही, ते सोबत घेऊन ते चालले. याचा पुरावा हवा असेल तर १९४० साली प्रसिद्ध झालेले 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे पुस्तक उघडावे. फाळणीसारख्या कोरड्या राजकीय प्रश्नावरचा तो ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. जेव्हा जवळ पैसा नव्हता आणि मित्रही नव्हते, त्या दिवसांत तिने आपल्यासोबत धीराने सोसले, याची कृतज्ञ नोंद त्या अर्पणपत्रिकेत आहे. रमाई जाऊन पाच वर्षे झाली होती. दिवस पालटले होते, नाव जगभर झाले होते. वाईट ऋतूची सोबतीण मात्र ते चांगल्या ऋतूत विसरले नाहीत.

आले, राहिले, गेले

महाडचा संगर उभा राहिला तो केवळ अस्पृश्य समाजाच्या बळावर, असे बाबासाहेबांनी कधी म्हटले नाही. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले सुरबानाना टिपणीस त्यात होते, अनंतराव चित्रे होते. मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. सोबती कोणत्या दिशेने येईल हे आधी सांगता येत नाही, आणि आलेल्याला जात विचारून परत पाठवायचे नसते.

त्याच महाड परिषदेच्या उभारणीत कॉम्रेड रा. बा. मोरे आघाडीवर होते. पुढे १९३० च्या सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात गेले. निळ्याकडून लाल्याकडे गेले, असे आज कोणीही म्हणेल. पण म्हणून महाडच्या इतिहासातून मोऱ्यांचे नाव खोडता येते काय? कामगारांचा संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत जो संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले होते. कम्युनिस्टांवर बाबासाहेबांनी टीकेचे आसूड ओढले, ते आयुष्यभर ओढले. परंतु मतभेद आहेत म्हणून संपाच्या दिवशी शेजारी उभे राहायचे नाही, असा सोवळेपणा त्यांनी पाळला नाही.

पुण्याचे पां. ना. राजभोज पर्वती सत्याग्रहात होते. १९३० च्या दशकात ते बाबासाहेबांच्या विरोधी गोटात दिसले. त्यानंतर तेच राजभोज शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले आणि १९५२ साली फेडरेशनच्या तिकिटावर सोलापुरातून लोकसभेत गेले. पुढे ते पुन्हा काँग्रेसमध्ये गेले. एकाच माणसाचे एवढे ऋतू! आता या माणसाला काय म्हणायचे? आम्ही म्हणतो, जे घडले ते सगळे लिहायचे. जो आला त्याला बाबासाहेबांनी काम दिले, आधी विरोधात होतास म्हणून दारात उभे केले नाही, हेही लिहायचे.

बंगालचे जोगेंद्रनाथ मंडल यांचे ऋण तर आम्ही विसरताच कामा नये. १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेचा रस्ता बंद झाला, तेव्हा मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना बंगालमधून निवडून पाठवले. फाळणीनंतर मंडल पाकिस्तानात राहिले, तेथे मंत्री झाले, आणि १९५० साली तेथील अत्याचार पाहून राजीनामा देऊन भारतात परतले. त्यांचा निर्णय फसला म्हणून कोणी त्यांना नावे ठेवो. परंतु आज संविधानाच्या शिल्पकाराचा जयजयकार करताना, त्या शिल्पकाराला त्या सभागृहात पोहोचवणाऱ्या माणसाचे नाव आमच्या किती मुलांना ठाऊक आहे?

आणि माईसाहेब? १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर या डॉ. सविता आंबेडकर झाल्या. बाबासाहेबांची प्रकृती ढासळत होती. 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, आपले आयुष्य टिकले याचे श्रेय बाबासाहेबांनी आपल्या पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले आहे. ग्रंथ १९५७ साली निघाला तेव्हा त्यात ती प्रस्तावनाच नव्हती. ती कितीतरी वर्षांनी प्रकाशात आली. महापरिनिर्वाणानंतर माईसाहेबांवर संशयाचे विष ओतले गेले आणि समाजाने त्यांना दीर्घकाळ दूर ठेवले. त्यांना पुन्हा आपल्यात आणण्याचे काम पुढच्या पिढीच्या पँथर तरुणांनी केले. २९ मे २००३ रोजी त्या गेल्या. बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली कृतज्ञता त्यांच्या ग्रंथाच्या पानावरून गळते, यापेक्षा वेगळे उदाहरण काय द्यावे? सोबतीला टाकून देण्याची घाई कोठवर जाते, ते यावरून दिसते.

त्रेपन्न दिवसांनंतर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जो सोहळा झाला, त्याहून चांगला ऋतू या समाजाने पाहिला नव्हता. आणि अवघ्या त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेब गेले. लाखोंचा बाप एका रात्रीत गेला. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर त्या रडणाऱ्या माणसांनी काय केले? त्यांनी तेथेच, चितेच्या साक्षीने, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. मुंबईत दीक्षा समारंभ व्हावयाचा राहिला होता, तो अशा रीतीने झाला. शोक आणि संकल्प एकाच ठिकाणी, एकाच वेळी! त्या निरक्षर, अर्धपोटी माणसांना अनित्यता कोणी शिकवली होती? आमच्या मते ती त्यांना बाबासाहेबांच्या जीवनानेच शिकवली होती.

त्यानंतरचे ऋतूही आम्ही पाहिले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि फार दिवस न जाता 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे तट पडले. तरी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि लाखोंनी तुरुंग भरले, तो याच फाटाफुटीच्या काळात. १९७२ साली दलित पँथर गर्जना करीत आली. १० जानेवारी १९७४ रोजी मोर्चावर आलेल्या पाट्याने भागवत जाधव शहीद झाला आणि त्याच वर्षी पँथर फुटली. राजा ढाले एकीकडे, नामदेव ढसाळ दुसरीकडे. त्या भांडणात एकमेकांना काय काय म्हटले गेले, ते त्या काळच्या अंकांत छापलेले आहे. ढसाळ १५ जानेवारी २०१४ रोजी गेले, ढाले १६ जुलै २०१९ रोजी गेले. आज एखादा मुलगा दोघांचीही पुस्तके एकाच फळीवर ठेवतो, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. भांडणाचा मुद्दा महत्त्वाचा होताच. पण त्या मुद्द्यापेक्षा दोघांनी मिळून पेटवलेली आग मोठी होती, हे त्या मुलाला लांबून दिसते. जवळ असणाऱ्यांना ते दिसले नाही.

नामांतराचा लढा तर ऋतूंचाच लढा होता. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंना मारले गेले. १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेने स्वतःची आहुती दिली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. सुमारे सोळा वर्षे! वीस वर्षांचा तरुण म्हणून जो लाँग मार्चला निघाला, तो विद्यापीठाच्या दारावर नवे नाव लागले तेव्हा पस्तिशीचा झालेला होता. मधल्या काळात कितीजण थकले, कितीजण नोकरीला लागले, कितीजण दुसऱ्या झेंड्याखाली गेले! पण तो फलक लागला त्यात त्यांनी खाल्लेल्या लाठ्याही आहेत. सातव्या वर्षी थांबलेल्याची सात वर्षे वजा केली, तर सोळाचा आकडा पुरा होत नाही.

मग गद्दार कोणाला म्हणायचे?

येथे कोणी आम्हाला विचारील, की मग सर्वांनाच माफ करायचे काय? ज्यांनी बाबासाहेबांचे नाव घेऊन समाज बाजारात उभा केला, त्यांनाही 'ऋतू बदलला' म्हणून सोडून द्यायचे काय?

मुळीच नाही. आम्ही तसे म्हणत नाही. ज्याने ॲट्रॉसिटीची केस दाबण्यासाठी पीडितावर दडपण आणले, ज्याने संस्थेचा पैसा खाल्ला, ज्याने दंगलखोरांशी सौदा केला, त्याच्या कृत्याला नाव घेऊनच जाब विचारला पाहिजे. त्यात कुचराई करणे म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याची सोबत सोडणे होय. परंतु जाब कृत्याचा असतो. तो पुराव्याने विचारायचा असतो. एखादा माणूस आमच्या गटात राहिला नाही, त्याने लग्न दुसऱ्या समाजात केले, तो सभेला येईनासा झाला, त्याने बायकोच्या आजारपणात कर्ज काढले आणि पुढाऱ्याच्या दारात गेला, ही गद्दारीची कलमे नव्हेत. यातली निम्मी कारणे गरिबीची आहेत. गरिबीने वाकलेल्या माणसाला शिवी देणारे आम्ही, त्याच्या वाकण्याच्या वेळी कोठे होतो, हा प्रश्न तो विचारत नाही, कारण त्याला संकोच वाटतो. आम्हीच तो स्वतःला विचारायला पाहिजे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहाजण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. डाव्या सांस्कृतिक चळवळीत गाणारा हा गरीब शाहीर होता. अखेरच्या क्षणी त्याने डोक्याला निळे फडके बांधलेले होते. त्याच्या मनात काय होते याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण त्या निळ्या फडक्याकडे पाहून एवढे म्हणावेसे वाटते, की दूर गेलेला माणूस मनाने किती दूर असतो याचा अंदाज बाहेरून लागत नसतो. आपल्या वस्तीत आज असा एकेकटा पडलेला कोण आहे, याची विचारपूस तो असतानाच व्हायला हवी.

पवारणा करू या

बौद्धांना यासाठी नवा विधी शोधण्याची गरज नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका ठिकाणी एकत्र राहतात आणि ऋतू संपला की आपापल्या वाटेने चारिकेला निघतात. म्हणजे एकत्र येणे जसे नियमात आहे, तसे वेगळे होणेही नियमातच आहे. आणि वेगळे होण्याआधी पवारणा असते. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो, की माझ्या हातून काही दोष घडल्याचे तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा. मनात काही न ठेवता निरोप घेण्याची ही रीत आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही रीत ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या समितीच्या बैठका एकमेकांच्या पाठीमागे व्हाव्यात, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे!

आमच्या विहारांत वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. हे फार चांगले आहे. त्याच्या समारोपाला खीरदान होते, तेही चांगले आहे. आमची सूचना एवढीच, की त्या दिवशी वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना, त्यांचा गट न विचारता, बोलावून आणावे. जे चालू शकत नाहीत त्यांच्या घरी जावे. जे नाहीत त्यांच्या पत्नीला, त्यांच्या मुलांना बोलवावे. विहाराची पहिली वीट कोणी ठेवली, पहिल्या जयंतीची वर्गणी किती जमली, कोणत्या मोर्च्यात कोण पकडले गेले, हे त्यांच्या तोंडून ऐकून एका वहीत लिहून ठेवावे. त्या वहीत दूर गेलेल्यांचीही नावे असावीत. त्यांनी काय दिले ते लिहावे, आणि काही चुकले असेल तर तेही सभ्य शब्दांत लिहावे. आणि ज्या दोघांचे वर्षानुवर्षे बोलणे नाही, त्यांनी त्या दिवशी पवारणा करावी.

हे नेते करणार नाहीत, असे कोणी म्हणेल. मग उपासकांनी करावे. कोसंबीचे भिक्खू एका क्षुल्लक कारणावरून भांडले, तथागतांनी समजावूनही ऐकेनात, तेव्हा तथागत एकटे पारिलेय्यकच्या वनात निघून गेले. त्या भिक्खूंना ताळ्यावर कोणी आणले? कोसंबीच्या सामान्य उपासकांनी! त्यांनी या भिक्खूंना वंदन करणे थांबवले, भिक्षा घालणे बंद केले. मग भिक्खू तथागतांना शोधत श्रावस्तीला गेले आणि भांडण मिटले. सामान्य माणसाच्या हाती केवढी शक्ती असते, हे यावरून कळावे. ज्या सभेत फक्त दुसऱ्या गटाला शिव्या देण्यासाठी माईक लावलेला असतो, त्या सभेची वर्गणी आपण का द्यावी?

बांधवांनो आणि भगिनींनो, चांगले दिवस येतील तेव्हा सोबतीला पुष्कळजण असतील. त्या वेळी वाईट दिवसांतल्या चारजणांची नावे आठवावीत. वाईट दिवस येतील तेव्हा कदाचित कोणीच नसेल. त्या वेळी राजरत्नला मातीआड करून आठ महिन्यांत महाडला पोहोचलेल्या बापाला आठवावे. जे गेले त्यांना आम्ही कृतज्ञतेने निरोप देतो, जे परत येतील त्यांच्यासाठी दार उघडे ठेवतो. जे सोबत आहेत त्यांना उद्यावर न टाकता आजच एकदा विचारू या, की बाबा रे, बाई गं, तुझे बरे चालले आहे ना?

जयभीम!